पैज तू जिंकलास

पुणे, रविवार

प्रिय मंद्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. माळा आवरताना 'द कार्स' या अमेरिकन रॉक बँडची कॅसेट सापडली, तू भरून दिलेली. टेप पार गुंतलीय, म्हणून तोच अल्बम मोबाइलवर लावला. तर लेका, कबूल करतो, पैज तू जिंकलास. या बँडमध्ये गाणारे दोघं आहेत.

मी होस्टेलवर छातीठोकपणे सांगायचो, सगळा आवाज त्या काळ्या गॉगलवाल्या लंबूचाच, रिक ओकॅसेकचा. गाणी जवळपास सगळी त्यानेच लिहिलीत, पण 'जस्ट व्हॉट आय नीडेड' म्हणतो बेंजामिन ऑर. ओकॅसेकचा आवाज उचकी लागल्यासारखा तुटक, ऑरचा लोण्यासारखा. इतकी वर्षं कान कुठे होते माझे!

त्या गाण्याची सुरुवात आठवते? नुसती गिटार, दाबून धरलेली, टक्-टक्-टक्... मध्येच दोन दणके, पुन्हा टक्-टक्. याचा डेमो १९७७ मध्ये बॉस्टनच्या रेडिओवर वाजायला लागला आणि यांचं नशीब उघडलं. त्याआधी १९७३ मध्ये या दोघांनी 'मिल्कवूड' नावाने काढलेली रेकॉर्ड साफ पडली होती. जून १९७८ मध्ये बँडच्याच नावाचा हा अल्बम, 'द कार्स', आला तेव्हा ओकॅसेक ३४ वर्षांचा! त्या वयात आपण होम लोनचे फॉर्म भरत होतो.

निर्माता रॉय थॉमस बेकर, 'क्वीन'वाला. म्हणजे आपल्या पाचगणीत शिकलेल्या गायक फ्रेडी मर्क्युरीच्या बँडचाच. कोरसला आवाजाचे थरावर थर चढतात ना, ते त्याचं काम. बाकी मामला एकदम सडसडीत. अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत हा १८व्या नंबरच्या वर कधी गेला नाही, पण १३९ आठवडे यादीतून हललाही नाही. मला हे पहिल्या नंबरापेक्षा भारी वाटतं.

आता तुझा गुन्हा. अल्बम ३५ मिनिटांचा आणि तू चिक्कूपणा करून तो सी-६० कॅसेटच्या एकाच बाजूला कोंबलास, जिथे जेमतेम तीस मिनिटं मावतात! 'मूव्हिंग इन स्टिरिओ' संपता संपता खट् करून टेप थांबायची, मला वाटायचं अल्बमच तिथे संपतो. ते गाणं न थांबता 'ऑल मिक्स्ड अप'मध्ये शिरतं, ऑर अगदी हळुवार गातो आणि शेवटी चक्क सॅक्सोफोन! हे टेपवर असतं तर पैज त्याच रात्री मिटली असती.

मिसळ देणं लागतो. दोन प्लेट ठरल्या होत्या, पण टेप कापल्याबद्दल एक वजा. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या