सोसायटीचं मैदान : टर्फ की हरळी?

संपादक महोदय,

सोसायटीच्या मैदानावर कृत्रिम टर्फ (प्लास्टिकचं गवत) टाकताना सभेत चर्चा होते ती दर चौरस फुटाच्या भावाची. टर्फ फसतं ते मात्र खालच्या थरात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती न उकरता वर खडी पसरली की दुसऱ्या पावसाळ्यात मैदानाला उंचवटे येतात आणि सांधे उकलतात. माती काढून मुरूम, सोलिंग (मोठ्या दगडांचा थर), बारीक खडी असे थर रोलरने दाबून घ्यावेत. उतार शंभर फुटांना किमान एक फूट आणि कडेला जाळीची गटार हवीच.

दुसरी गोष्ट उन्हाची. एप्रिलच्या दुपारी टर्फचा पृष्ठभाग ६० अंशांपुढे जातो. पाणी मारलं तर तासाभरात पुन्हा तेच, म्हणजे 'पाणी वाचतं' हा दावाही अर्धाच! टर्फच्या पात्यांमध्ये भरलेले काळे रबरी दाणे पावसात वाहून गटारात जातात. युरोपीय संघाने असे दाणे विकण्यावर २०३१ पासून बंदी घातली आहे. त्याऐवजी भरणीला धुतलेली सिलिका वाळू चालते.

रोज सहा तास ऊन मिळत असेल तर हरळीच लावावी. पाचशे चौरस मीटरला उन्हाळ्यात रोज अडीच हजार लिटर पाणी लागतं. ते सांडपाणी प्रकल्पाचं प्रक्रिया केलेलं घ्यावं. कापणी इंचभर उंचीवर. गोलपोस्टसमोर हरळी टिकत नाही, तिथे दरवर्षी मुळांसकट नवे गड्डे लावावेच लागतात. इमारतींच्या सावलीत मात्र हरळीचा हट्ट नको.

– एक वाचक, पुणे