बाबा, ती पिवळी चित्रं धुवू नका

प्रिय आई-बाबा,

आई, हे तू मोठ्यांदा वाचून दाखव, बाबांना एवढ्यात मोबाईलवर डोळे ताणायला देऊ नकोस. आणि थेंब वेळच्या वेळी.

मोतीबिंदू काढल्यावर बाबा गच्चीत जाऊन "अगं समुद्र केवढा निळा आहे" म्हणत बसले, इथपर्यंत ऐकून मस्त वाटलं. पण मग तू म्हणालीस की गेल्या चार-पाच वर्षांतली हर्णैची जलरंगातली चित्रं काढून "यावर चहा सांडलाय का" करत एकेक नळाखाली धरतायत, कागद परत वापरायला! बाबा, किती धुतलीत?

डोळ्यातलं भिंग पिवळट झालं की निळा रंग आत नीट पोचतच नाही, हे डॉक्टरांनी आत्ता सांगितलं, पण मला 2021 मध्येच दिसलेलं ना, सुवर्णदुर्गामागचं आभाळ यलो ऑकरकडे झुकायला लागलेलं, आणि मी शहाणी म्हणत होते बाबा म्हातारपणी धाडसी झाले. डोळे तपासायला न्यायचं सोडून कौतुक करत बसले. ते लागलंय मनाला.

त्या फ्रेंच चित्रकार मोनेचं पण असंच झालेलं, 1923 मध्ये 82 व्या वर्षी ऑपरेशन झालं, नंतर रंगांवरून नुसती चिडचिड. पण त्याच्या त्या काळातले तांबूस, गिचमिड जपानी पूल लोक पॅरिसच्या मार्मोताँ म्युझियममध्ये तिकीट काढून बघतातच की. बरं ते जाऊ दे, तो मोने. आपलं बघा. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळात पत्रे उडाले आणि माळ्यावरचा गठ्ठा भिजून लगदा झाला, तुमचे सगळे निळे समुद्र त्यात गेले. म्हणजे उरलीत ती ही पिवळीच.

आणि मला त्यातलं ते पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांतलं हवंय, होड्या वर ओढून झाकून ठेवल्यात, ओल्या वाळूवर तांबूस बर्न्ट सिएना पसरलाय आणि कडेच्या होडीची रेघ हात थरथरल्यामुळे तीनदा तुटलीय. त्यात लाटेचा फेस म्हणून कागद कोरा सोडलाय तुम्ही. पांढरा ट्यूबमधनं येत नाही, कागदातनं येतो, हे मला तुम्हीच ओरडून ओरडून शिकवलंत, मग धुतलेल्या कागदावर तो पांढरा परत कुठून आणणार? डाग राहतो, वरचे तंतू सुटतात, पुढचा पातळ रंगाचा वॉश फाटल्यासारखा बसतो. तुम्हाला हे मी सांगायचं म्हणजे कमाल आहे.

शनिवारी येतेय, 300 जीएसएमच्या जाड कागदाच्या दहा शीट आणि अल्ट्रामरीनच्या दोन ट्यूब घेऊन. हवा तेवढा निळा समुद्र काढा.

आई, तोवर उरलेली चित्रं माझ्या कपाटात टाक, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नकोस, बुरशी येते. चावी तुझ्याकडे ठेव, कुठे ठेवलीस ते बाबांना सांगू नकोस. अरे हो, तू हे मोठ्यांदा वाचतेयस. असू दे, ऐकू दे.

तुमची,
धाकटी