तक्रार : पाक पडू लागला की वेइंग इंडिकेटर पीएलसीला वजन देत नाही

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

महोदय,

आपल्या सेवा केंद्राचा फोन आत्ताच ठेवला आणि लिहायला बसलो. शांतपणे लिहायचं ठरवलं आहे, बघू.

कुंडईच्या आमच्या कारखान्यात कोकम सरबताची मिक्सिंग टाकी लोड सेलवर, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरवर, उभी आहे. तिचं वजन आपला नवा इंडिकेटर आरएस-४८५ या दोन तारांच्या लाइनवरून, मॉडबस आरटीयू या यंत्रांच्या भाषेत, पीएलसीला, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कंट्रोलरला, देतो. म्हणजे द्यायला हवं. साखरेचा पाक टाकीत पडू लागला की मध्येच इंडिकेटरची उत्तरं बंद होतात, वजन कळत नाही म्हणून पीएलसी व्हॉल्व्ह मिटतो आणि गरम पाक पाइपात अडकून बसतो. टाकी रिकामी असताना मात्र एकही उत्तर चुकत नाही. रिकाम्या टाकीचं वजन आम्हाला पाठ आहे, त्यासाठी इंडिकेटर घेतला नव्हता.

केबल बदलली आहे. शिल्डेड ट्विस्टेड पेअर आहे, शिल्ड एकाच टोकाला अर्थ केलं आहे, लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर आहेत. ४८५ बाराशे मीटरपर्यंत जाते, आमची टाकी पॅनलच्या समोर दिसते. बॉड रेट, म्हणजे बिट पाठवायचा वेग, ९६००, इव्हन पॅरिटी, एक स्टॉप बिट, दोन्हीकडे सारखं. दोन तारांत ए आणि बी कुठलं, हेही आम्हीच शोधलं, कारण आपल्या मॅन्युअलमध्ये ए म्हणजे प्लस आहे आणि इंडिकेटरच्या पाठीवर ए म्हणजे मायनस. याच लाइनवर शेजारच्या टाकीचा आपलाच जुन्या मॉडेलचा इंडिकेटर बिनतक्रार चालतो. दोघांची अदलाबदल करून पाहिली. दोष नव्याबरोबर शेजारच्या टाकीवर गेला.

शेवटी लाइनवर ऑसिलोस्कोप लावला. पीएलसी दोन रजिस्टर, म्हणजे वजन ठेवलेले दोन कप्पे, मागतो, उत्तर नऊ बाइटचं. ९६०० ला एक बाइट जायला साधारण १.१५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सगळं उत्तर साडेदहा मिलिसेकंदांच्या आत संपायला हवं. मॉडबसच्या नियमाप्रमाणे एकाच संदेशाच्या दोन बाइटमध्ये दीड बाइटपेक्षा, म्हणजे सुमारे १.७ मिलिसेकंदांपेक्षा, जास्त खंड पडता कामा नये. साडेतीन बाइटचा, म्हणजे ४ मिलिसेकंदांचा खंड पडला की संदेश संपला असं धरायचं. वजन पळत असताना आपला इंडिकेटर पत्ता, फंक्शन आणि बाइटची संख्या असे तीन बाइट पाठवतो आणि वाक्य अर्ध्यात टाकून पान लावायला बसल्यासारखा सहा मिलिसेकंद गप्प राहतो. मग उरलेले सहा. पीएलसीच्या दृष्टीने हे दोन मोडके संदेश. दोन्हींचा सीआरसी, म्हणजे संदेश धड आला का ते तपासायचा आकडा, चुकतो, दोन्ही तो टाकून देतो, आणि त्याने तेच करायला हवं. आतला प्रोसेसर फिल्टर किंवा डिस्प्लेच्या कामात अडकत असावा असा माझा अंदाज. फर्मवेअर, म्हणजे इंडिकेटरच्या आतला प्रोग्राम, लिहिणाऱ्याला अंदाज करावा लागणार नाही.

हे मेलने कळवलं, चित्रासकट. उत्तर आलं : “कृपया केबल तपासावी.”

मग आपले इंजिनिअर आले. त्यांनी लॅपटॉप जोडला, स्क्रीनवर वजन दाखवलं, “आमचं तर चालतंय,” म्हणाले, कॅन्टीनच्या हुमणाचं कौतुक केलं आणि गेले. लॅपटॉपवरचा प्रोग्राम उत्तराची निवांत वाट बघतो, तुकडे आले तरी जोडून घेतो. पीएलसी तसा मोठ्या मनाचा नाही. शिवाय तेव्हा टाकीत पाक पडतच नव्हता. “थोडं थांबा, बॅच लावतो,” म्हटलं, तर त्यांना मडगावहून गाडी पकडायची होती.

आणि आजचा फोन. आपण कॉल रेकॉर्ड करता असं सुरुवातीलाच ऐकवता, तेव्हा काढून ऐकाच. मी वरचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पलीकडून, “सर, गोव्यात पाऊस जास्त ना? केबलमध्ये ओलावा गेला असणार.” मी म्हटलं, केबल नवी आहे, आणि पाऊस काय फक्त पाक पडताना येतो? त्यावर, “सर, एक काम करा, तुमच्याकडे कोणी टेक्निकल माणूस असेल तर त्याला फोन द्या.” मी म्हटलं, मीच तो. मग बराच वेळ ती गाण्याची धून. परत येऊन, “बरं सर, मग एकदा पॉवर बंद करून चालू करा.” केलं आहे म्हटलं. “मग मागचं कव्हर उघडून आतला जंपर बदला.” त्या कव्हरवर आपलाच स्टिकर आहे, काढल्यास वॉरंटी रद्द. तेही वाचून दाखवलं. “मग नका उघडू सर.” एवढा तत्पर सल्ला मला आयुष्यात मिळालेला नाही. फोन ठेवतो न ठेवतो तोच एसएमएस : तक्रारीचे निराकरण झाले, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

मॉडबस १९७९ पासून आहे. तो नीट बोलता येत नसेल तर डब्यावर ठळक अक्षरात छापू नये.

चवथीच्या ऑर्डरी तोंडावर आहेत आणि बॅच आम्ही डिस्प्लेकडे डोळे लावून, हाताने व्हॉल्व्ह फिरवून काढतो आहोत. दुरुस्त फर्मवेअर तरी द्या, नाहीतर जुन्या मॉडेलचा इंडिकेटर बदलून द्या. आठ दिवसांत यातलं काही झालं नाही, तर हा नग आपल्या खर्चाने परत येईल आणि बिलाची राहिलेली रक्कम लेखा विभाग सोडणार नाही, तशी चिठ्ठी दिली आहे. पुढच्या दोन टाक्यांची चौकशीही आपल्याकडे जाणार नाही. जुना इंडिकेटर आपलाच आहे आणि अजून उत्तम चालतो, म्हणूनच डोळे झाकून दुसरा घेतला होता, याचं जास्त वाईट वाटतं.

आणि कृपा करून केबल तपासायला सांगू नका. केबल बदलली आहे.

देखभाल विभाग प्रमुख
कुंडई औद्योगिक वसाहत, फोंडा, गोवा

सोबत : ऑसिलोस्कोपचे चित्र, मॅन्युअलचे पान आणि पाठीवरच्या लेबलचा फोटो

ता. क. तिकीट पुन्हा उघडा. ते मी बंद केलेलं नाही.