पोचेवरची वेळ खरी कुणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली अठरा वर्षे मी इचलकरंजीत कार्यालयांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. गेल्या महिन्यात मात्र एका कार्यालयाच्या खिडकीपाशी अर्जदार म्हणून उभा होतो. मुदत पाचपर्यंत. माझ्या मोबाइलवर चार अठ्ठेचाळीस, हातात पडलेल्या पोचेवर पाच वाजून सहा! शेजारच्या टेबलावरचा कॉम्प्युटर चार एकेचाळीस दाखवत होता. "आमच्या मशीनला दिसतं तेच छापून येतं," ताई म्हणाल्या. साहेबांनी खरी वेळ हाताने लिहून सही केली, म्हणून निभावले.

हे होते कसे, ते मला रोज दिसते. मदरबोर्डवरचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा बटणासारखा सीआर २०३२ सेल उतरला, की रात्री मेन स्विच बंद केल्यावर घड्याळ मागे पडते. सकाळी कुणीतरी अंदाजाने ते पुढे ढकलतो. कधी तारीख थेट काही वर्षे मागे जाते, मग वेबसाइट उघडत नाहीत आणि मला फोन येतो, "इंटरनेट बंद आहे." इंटरनेट ठणठणीत असते. विंडोज स्वतः वेळ जुळवून घेऊ शकते, पण फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या सुरक्षा-चाळणीत, वेळ येण्याची वाट असलेला १२३ क्रमांकाचा पोर्ट बंद, नाहीतर विंडोजची ती सेवाच बंद करून ठेवलेली.

उपाय अवघड नाही. कार्यालयातल्या एकाच सर्व्हरने बाहेरून वेळ घ्यावी, बाकीच्या सगळ्या मशीननी त्या सर्व्हरकडून. बाहेरून म्हणजे एनआयसी (केंद्र सरकारचे राष्ट्रीय माहिती-विज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडून; भारतीय प्रमाणवेळ हीच प्रयोगशाळा राखते. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये सरकारी कार्यालयांना आणि कंपन्यांना तसे बजावलेही आहे. आणि वेळ हाताने बदलण्याची मुभा खिडकीवरच्या लॉगिनला ठेवू नये.

प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, तरी मुंबईत ३९ मिनिटे मागे असलेली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून होती. पण ती निदान शहराची तरी होती. इथे टेबलागणिक वेगळी.

त्या मशीनचा सेल मी तिथेच बदलून देतो म्हणालो. तीस-चाळीस रुपयांची वस्तू. पण खरेदीला तीन दरपत्रके लागतात म्हणे.

आपला,
एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, इचलकरंजी