राहुड घाटात भेटलेल्या मेकॅनिक उस्तादांना

उस्ताद, सलाम.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला विचारलेलं नाही. मालेगावच्या बाजूला ज्यांच्या गाड्या चालतात ते ओळखतीलच. माल वाशीला खाली करून घरी आलो, तरी माझा ट्रक घाटात बंद पडला ती रात्र डोक्यातून जात नाही. तुमची मुलगी मराठी वाचते म्हणालात, तिच्याकडून हे वाचून घ्या.

आधी मनातला राग काढतो, मग तुमच्याकडे येतो.

डिझेलमध्ये पाणी असल्याचा पिवळा दिवा त्या रात्रीच्या आधीच्या खेपेतच पेटला होता. मी गाडी लगेच मोठ्या वर्कशॉपला लावली. चकाचक फरशी, लॅपटॉप, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं. त्यांनी चावी घेतली, फळीवर टांगली आणि मला काचेपलीकडे बसवलं. संध्याकाळी सांगितलं, 'सेन्सर खराब होता, काम केलंय.' डिझेलमधलं पाणी वेगळं काढणाऱ्या सेपरेटरच्या तळाचा कॉक सोडून आत काय आहे ते बघितलं का, असं मी विचारलं. उत्तर आलं, 'सिस्टीममध्ये एरर दाखवत नाही.' मी बिल भरून निघालो. सेन्सरचं सॉकेट नुसतं उपसून त्यावर टेप गुंडाळली होती, हे राहुड घाटात तुम्ही बॅटरीच्या उजेडात दाखवलंत तेव्हा कळलं. दिवा विझवायचे पैसे घेतले आणि पाणी आत तसंच ठेवलं. हे आठवलं की अजून हातपाय थरथरतात.

उमराण्याहून कांदा भरून निघालो होतो. घाट चढायला लागल्यावर गाडीचा जोर, पिकअप गेला, मागे पांढरा धूर, आणि अर्ध्या चढावर गाडी बंद. पाऊस धो धो. मागे उन्हाळ कांदा, वरून ताडपत्री. साठवणीच्या चाळीतून निघालेला कांदा असा वाऱ्याविना अडकून पडला की त्याला पाणी सुटायला वेळ लागत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तेवढ्यात एकजण मदतीला म्हणून आला. चावी फिरवून सेल्फवर सेल्फ (स्टार्टर) मारत राहिला, बॅटरी उतरवत आणली आणि म्हणाला, पंप गेला, इंजेक्टर सगळे गेले, लाखाच्या वर बसेल, टोचन करून ओढत नेऊ, आधी पैसे टाका. त्याने बोनेटखाली वाकूनही बघितलं नव्हतं. मी नाही म्हटल्यावर शिव्या देऊन गेला.

मग ढाब्यावाल्याच्या फोनवर तुम्ही आलात. मोटरसायकल, अंगावर प्लॅस्टिक, पुढे पान्यांची पिशवी.

उस्ताद, तुम्ही पहिल्यांदा काय केलंत ते तुम्हाला आठवतही नसेल. तुम्ही केबिनमध्ये चढलात, इग्निशनची चावी काढलीत, ओला हात पँटला पुसलात आणि ती चावी माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटवलीत. म्हणालात, 'सेठ, चाबी जेब में रखो. पानी देखे बगैर सेल्फ नहीं मारना.'

मला या पत्रात एवढंच सांगायचं होतं खरं तर. बाकी सगळं त्याच्या मागून आलं. ज्याच्या त्याच्या हातात माझी चावी जात होती, कुणी फळीवर टांगत होतं, कुणी ती फिरवून फिरवून माझ्या गाडीचा जीव काढत होतं. तुम्ही ती परत दिलीत. गाडी तुमची आहे, तुमच्या डोळ्यांसमोर उघडेन, तुम्ही हो म्हणाल तेव्हाच चालू होईल, असं न बोलता सांगितलंत. त्या क्षणी माझ्या पोटातला गोळा सैल झाला. भाचा बरोबर होता, त्याच्यापुढे रडू आवरलं.

त्यामागे कारागिरीही होती, ती नंतर तुम्ही चहा पिताना समजावलीत. एप्रिल २०२० नंतरच्या या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) गाड्यांना कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांना, दाबाने डिझेल पुरवणारी एकच नळी. ट्रकच्या टायरात आठ बारच्या आसपास हवा असते आणि त्या रेलमध्ये डिझेलचा दाब सोळाशे-दोन हजार बारपर्यंत जातो. हा दाब देणाऱ्या पंपाला वेगळं ऑइल नाही, डिझेल हेच त्याचं वंगण. त्यात पाणी आलं की लोखंडावर लोखंड घासतं. इंजेक्टरच्या टोकाशी पाण्याची त्या उष्णतेत वाफ होते आणि टोक फुटू शकतं. म्हणजे तो माणूस जेवढ्या वेळा सेल्फ मारत होता तेवढ्या वेळा तळाचं पाणी पुढे ओढत होता. चढावर टाकी कलते आणि पाणी डिझेल ओढणाऱ्या सक्शनच्या नळीपाशी सरकतं, म्हणून सपाटीला गाडी गपगुमान चालली आणि घाटात बसली, हेही तुमच्याकडूनच कळलं.

तुम्ही सेपरेटरचा कॉक सोडून आतलं डिझेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरलंत आणि बाटली भाच्याच्या हातात दिलीत. 'हिलाना नहीं.' मग आपण तिघंही उभे राहिलो. पाऊस, मागे ट्रकांचे हॉर्न, आणि तुम्हाला कसलीही घाई नाही. लिटरभर डिझेलचं वजन सव्वाआठशे ग्रॅमच्या पुढेमागे, पाण्याचं हजार. पाणी खाली बसणारच. बसलं. मधली रेघ स्पष्ट दिसली. लॅपटॉपला न सापडलेली गोष्ट एका बाटलीत माझ्या अडाणी डोळ्यांना दिसली.

पुढचं काम तुमच्या हातांना रोजचं होतं. टाकीचा खालचा नट सोडून तळाचं पाणी काढलंत, फिल्टर बदललेत, हँड पंप मारून एअर काढलीत. मग माझ्याकडे बघून मान हलवलीत आणि मी चावी फिरवली.

पाणी आलं कुठून, हे मी रागाने विचारलं. जिथे डिझेल भरायचं माझं खातं आहे त्या पेट्रोल पंपाचं नाव मी घेत होतो. तुम्ही टाकीचं झाकण काढलंत, त्याचं रबर बोटाने चाचपलंत, ते शाबूत होतं. टाकीला आतून घाम सुटतो पण एवढा नाही, असं म्हणालात. तरी तुम्ही पंपावाल्यावर आरोप केला नाहीत. बाटलीला झाकण लावून, वर तारीख लिहून दिलीत आणि म्हणालात, डिझेलच्या पावतीसोबत ही घेऊन जा, त्यांच्या जमिनीतल्या टाकीत पेस्ट लावलेली काठी माझ्यासमोर बुडवा म्हणून सांग, पाणी असेल तर पेस्टचा रंग बदलेल. न बघता कुणाला चोर म्हणायचं नाही, हा नियम तुम्ही गाडीलाही लावता आणि माणसालाही. बाटली आणि पावती जोडून मी लेखी तक्रार दिली आहे.

रात्री घाटात अडकलेल्या माणसाला काय वाटेल ते सांगून काय वाटेल ते पैसे काढता येतात. तुम्हालाही आले असते. मी द्यायला तयार होतो. तुम्ही फिल्टरचे आणि मजुरीचे घेतलेत, रात्रीचे वेगळे लावले नाहीत, आणि निघताना भाच्याला रोज सकाळी कॉक कसा सोडून बघायचा ते दोनदा करायला लावलंत. सरळ माणसाची आपल्याकडे चर्चा होत नाही, फसवणाऱ्याची होते. म्हणून हे सगळ्यांपुढे लिहिलं. आमच्या स्टँडवर, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, भेटेल त्या ड्रायव्हरला मी तुमचा पत्ता देतोय.

पुढच्या आठवड्यात उमराण्याला पुन्हा भरणी आहे. रात्रीच्या मजुरीचे पैसे घेऊन येतो, ते घ्यावे लागतील. आणि आईने चाळीतला निवडक कांदा तुमच्या घरासाठी गोणीत बाजूला काढून ठेवलाय, त्याला मात्र नाही म्हणू नका. वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुमचा,
निफाडकडचा गाडीवाला