पाऊस वाढला, हे कशावरून?

महोदय,

ठाण्यात दोन दिवस धो धो कोसळला, वंदना टॉकीजजवळ पाणी तुंबले, की बातम्यांत ‘पाऊसमानच बदलले’ असा निकाल लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला. असा एखादाच आकडा पावसाचा वर्षानुवर्षांचा कल दाखवणारी सरळ रेषा आपल्याकडे झुकवू शकतो. म्हणून अभ्यासक मान-केंडॉल चाचणी लावतात; आकडे खरेच वाढत किंवा घटत आहेत का, हे ती तपासते. तीत प्रत्येक वर्षाच्या पावसाची तुलना नंतरच्या प्रत्येक वर्षाशी होते. किती जास्त ते नाही, फक्त जास्त की कमी एवढेच मोजतात. वाढीचा वेग हवा, तर संख्याशास्त्रज्ञ प्रणवकुमार सेन यांनी १९६८ मध्ये मांडलेली पद्धत आहे: वर्षांच्या प्रत्येक जोडीत दरवर्षी किती फरक पडला (म्हणजे उतार) ते काढायचे आणि त्या सगळ्या उतारांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्यायचा. बातमीत किती वर्षांच्या नोंदी तपासल्या, एवढे तरी छापा.

- एक वाचक, नौपाडा, ठाणे