कामाच्या ठिकाणी लिंगविषयक मते मांडण्यासंबंधी सूचना

इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथे नोकरी करणाऱ्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, जैविक लिंग बदलत नाही व ते लिंगओळखीहून (व्यक्ती स्वतःला ज्या लिंगाची मानते त्याहून) वेगळे आहे, ही धारणा 2010 च्या समानता कायद्याखाली संरक्षित असल्याचे रोजगार अपील न्यायाधिकरणाने जून 2021 मध्ये अशी मते मांडल्यामुळे काम गमावलेल्या माया फोरस्टेटर यांच्या प्रकरणात ठरवले असून, पुढे त्यांना 1 लाख पौंडांहून अधिक भरपाईही मिळाली. त्यामुळे आता काहीही बोलले तरी चालते, असा समज काही सभासदांनी करून घेतलेला दिसतो; तो चुकीचा आहे. ट्रान्स सहकाऱ्याला मुद्दाम व वारंवार चुकीच्या लिंगाने संबोधणे हा छळ ठरू शकतो, कारण लिंगबदल हेही त्याच कायद्याने संरक्षित केलेले वैशिष्ट्य आहे.

मत बाळगणे आणि ते आक्षेपार्ह रीतीने मांडणे यांत न्यायालये फरक करतात. मात्र मांडणी आक्षेपार्ह असली तरी मालकाची कारवाई प्रमाणात असावी लागते. फेसबुकवरील मजकुरासाठी शाळेतील एका कर्मचारी महिलेला बडतर्फ करणे अपील न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये बेकायदा भेदभाव ठरवले, ते याच कारणाने.

शिस्तभंगाची नोटीस आल्यास रागाच्या भरात उत्तर अथवा राजीनामा देऊ नये (आजवर याचाच पस्तावा अधिक झाला आहे). मूळ मजकूर न खोडता त्याची प्रत जपावी आणि युनियनच्या प्रतिनिधीस सोबत घेऊनच सुनावणीस जावे. न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची मुदत थोडी असते व त्याआधी अकॅसकडे (नोकरीविषयक वादांत समेट घडवणाऱ्या सार्वजनिक संस्थेकडे) समेटासाठी कळवावे लागते, म्हणून विलंब करू नये.